आकडा नॉर्मल आला म्हणून गोळी बंद?

वारंगा फाट्यावर न थांबता सरळ पुढे गेलेली गाडी विरळाच. एक रस्ता हिंगोली-कळमनुरीकडून येतो, दुसरा नागपूर-यवतमाळ-उमरखेडकडून, आणि दोन्ही मिळून अर्धापूरमार्गे नांदेडला जातात. येथली खिचडी आणि भजी या रस्त्यावरच्या सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक आहेत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे निघालेल्या नांदेडकडच्या गाड्याही येथे थांबतात. निळे झेंडे लावलेल्या जीप आणि ट्रॅव्हल्स रात्री उशिरापर्यंत येत राहतात. आम्ही फाट्याच्या आसपासच्या वस्तीतली माणसे, त्या रात्री पाणी आणि चहा घेऊन रस्त्याच्या कडेला उभे असतो.

अशाच एका रात्री गाडीतून उतरलेल्या एका मावशींना चक्कर आली. वय साठीच्या आसपास. हात धरून त्यांना बाकावर बसवले. जमलेल्या प्रत्येकाचे निदान एकच होते, ‘‘बीपी लो झालं.’’ आमच्यातल्याच एकाने धावत जाऊन लिंबू, साखर आणि चांगले चमचाभर मीठ घातलेले पाणी आणले आणि त्यांना पाजले. पाणी पिताना थोडे ओठाच्या कडेतून ओघळले, ते आम्ही पाहिलेही, पण त्याचा अर्थ कोणाला कळला नाही. गाडीत एक नर्सताई होत्या. त्यांच्याकडे बीपीचे यंत्र होते. त्यांनी मोजले तर आकडा आला १९८ आणि ११२. मावशींचा उजवा हात उचलला जात नव्हता आणि शब्द जड येत होते. १०८ ला फोन झाला, नांदेडला नेले. मावशी वाचल्या. उजव्या हाताला अजून पूर्ण ताकद नाही, भाकरी थापता येत नाही, असे नंतर कळले.

त्यांच्या पिशवीत गोळ्यांचे पाकीट सापडले होते. अर्धे भरलेले. दोन महिन्यांपूर्वी तपासले तेव्हा आकडा १३० आणि ८० आला, म्हणून त्यांनी गोळी बंद केली होती. त्यांच्या लेकीने सांगितले, ‘‘नारमल आलंय म्हनले, मंग कशाला खायाची रोजची गोळी, असं म्हनायची माय.’’

या पानावर आम्ही आज जे लिहीत आहोत ते त्या लिंबूपाण्याची लाज वाटून लिहीत आहोत. मीठ घातलेले पाणी आम्ही पाजले. एका घोटाने काय झाले असेल ते सांगता येत नाही, पण तोंड वाकडे झालेल्या माणसाच्या घशात पाणी ओतले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते, एवढे आम्हाला आता माहीत आहे. आपल्या भागात प्रत्येक चक्कर ‘बीपी लो’ असते आणि प्रत्येक डोकेदुखी ‘बीपी हाय’. खरे तर बीपी वाढलेल्या बहुतेक माणसांना काहीच होत नसते. डोके दुखत नाही, घाम येत नाही, शेतात कामही होते. म्हणूनच तो आजार माणसाला फसवतो. चक्कर आली तर आधी मोजा, न मोजता मीठ देऊ नका. आणि तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोबडे बोलणे, यातले काही अचानक झाले तर तोंडात काहीही घालू नका, लगेच १०८ लावा. आपण ज्याला ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतो, ते बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गाठ अडकल्याने होते. ती गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही डोक्याचे सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही हे पाहिल्यावर. फाट्यावरून नांदेड गाठायलाच बराच वेळ जातो. त्याआधी कुठे झाडपाल्यासाठी, कुठे अंगारा-धुपाऱ्यासाठी दोन तास घालवले, तर उरले काय?

आता त्या आकड्याकडे येऊ. मावशींचा आकडा नॉर्मल आला होता हे खरे होते. यंत्र खोटे बोलले नव्हते. पण तो आकडा नॉर्मल आला होता गोळीमुळे. गोळीने बीपी बरे होत नाही, दाबून धरले जाते. मोटेच्या बैलाला कासरा लावला म्हणून तो सरळ चालतो. कासरा सोडून ‘बैल शहाणा झाला’ म्हणण्यासारखे आहे हे. गोळी कमी करता येते, काहींची बंदही होते, पण ते डॉक्टर अनेक आकडे पाहून ठरवतात. आपण घरी बसून एका आकड्यावर ठरवू नये.

याचे कारण असे की बीपी दिवसभर एकसारखे नसतेच. हृदय आकुंचन पावते तेव्हा रक्तवाहिन्यांवर पडणारा दाब म्हणजे वरचा आकडा, हृदय सैल होते तेव्हाचा दाब म्हणजे खालचा. झोपेत हे दोन्ही आकडे साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतात. पहाटे उठायच्या सुमारास चढू लागतात. जिना चढला, भांडण झाले, लघवी तुंबली, थंडी वाजली, कोणी मोठ्याने बोलले, की चढतात. हिवाळ्यात थोडे जास्त, मे महिन्यात थोडे कमी. चहा घेतल्यावर, तंबाखूची चिमूट ओठाखाली ठेवल्यावर अर्धा तास तरी आकडा खरा मिळत नाही. काही माणसांचे बीपी पांढरा कोट पाहूनच वाढते आणि घरी व्यवस्थित असते. काहींचे उलटे, दवाखान्यात ठीक आणि घरी जास्त. म्हणून एकदा १५० आला म्हणजे तो माणूस लगेच रुग्ण होत नाही, आणि एकदा १२५ आला म्हणजे रुग्ण बरा होत नाही. वेगवेगळ्या दिवशी मोजून वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा ९० किंवा जास्त येत राहिला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. घरच्या यंत्रावर ही रेघ थोडी खाली, १३५ आणि ८५ वर धरतात. १८० किंवा १२० च्या पुढे आकडा गेला आणि सोबत छातीत दुखणे, दम लागणे, दिसायला अंधुक होणे असे काही असेल तर दवाखाना गाठायला उशीर करू नये.

मोजण्याच्या पद्धतीबद्दल आमची तक्रार आहे. शिबिरात आम्ही काय पाहतो? रांग लागलेली. माणूस उन्हातून चालत आलेला. लगेच बाही वर सरकवून पट्टा बांधला जातो, हात लोंबकळता, मागून कोणी विचारतो किती आलं, आणि तो उत्तर देत असतानाच यंत्र फुगत असते. असा आकडा कागदावर लिहून घरी नेण्यात काय अर्थ? पाच मिनिटे शांत बसायचे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि एकावर एक न चढवलेले. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत. पट्टा उघड्या दंडावर. मोजताना बोलायचे नाही. एकदा मोजून एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजायचे. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर आकडा उगाच जास्त दिसतो. पहिल्यांदा मोजताना दोन्ही हातांचे मोजावे आणि ज्या हातात जास्त येतो तोच हात पुढे वापरावा. एवढे केले तर निम्मी भीती आणि निम्मी बेफिकिरी आपोआप जाईल.

गोळीची लाज हा आपल्या समाजात वेगळाच विषय आहे. ‘एकदा सुरू झाली की सुटत नाही’ म्हणून माणसे सुरूच करत नाहीत, जणू सवय गोळीची लागते, आजाराची नाही. बाबासाहेबांना मधुमेह होता. त्यांच्या सोबत माईसाहेब होत्या, त्या स्वतः डॉक्टर. औषधपाणी करण्यात कमीपणा असता तर ते कशाला केले असते? बीपीच्या नेहमीच्या गोळ्या, अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन, जुन्या आहेत, स्वस्त आहेत आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला हव्यात. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत. अम्लोडिपिनने कोणाच्या पायावर सूज येते, काही दुसऱ्या गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो. असे झाले तर गोळी बदलता येते, ती गुपचूप फेकून देऊ नये. एक दिवस विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन खाऊ नयेत. गरोदर बाईने, किंवा दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईने, चालू गोळी डॉक्टरांना जरूर दाखवावी, कारण यातल्या काही गोळ्या पोटातल्या बाळाला चालत नाहीत. आणि तिचे बीपी प्रत्येक तपासणीला मोजलेच पाहिजे, नसेल मोजत तर मागून घ्यावे.

एक गोष्ट मात्र डॉक्टरही क्वचित विचारतात. अंगदुखीची गोळी. आपल्या बाया निंदायला, हळद काढायला, ऊस तोडायला जातात. संध्याकाळी कंबर मोडते. मेडिकलवर जाऊन ‘अंग दुखायची गोळी द्या’ म्हटले की पुडीत बांधून मिळते. त्यात बहुधा डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन असते. या गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात, बीपीच्या काही गोळ्यांचा असर कमी करतात आणि रोज खाल्ल्या तर किडनीलाही इजा करतात. म्हणजे एका हाताने बीपीची गोळी खायची आणि दुसऱ्या हाताने ती निकामी करायची. आम्ही विहारात बसून विचारायला लागलो तेव्हा लक्षात आले की बीपी आटोक्यात नसलेल्या बायांपैकी कितीजणींच्या पदराच्या गाठीत अशी पुडी होती. पाकिटाशिवाय दिलेली गोळी घेऊ नका. कशाची आहे ते विचारा आणि बीपी आहे हे आधी सांगा. अंग दुखणारच, कष्ट कमी होणार नाहीत हे आम्हालाही कळते. पण त्यासाठी कोणती गोळी कमी त्रासाची, ते डॉक्टरांना विचारायचा आपल्याला हक्क आहे.

मिठाबद्दल बोलताना आम्हाला जरा जपून बोलावे लागते. आमच्या आजा-पणज्यांच्या ताटात कोरड्यास नसायचे. भाकरी, मिरची आणि मीठ, हेच जेवण. ज्यांच्याजवळ दुसरी चव नव्हती, त्यांना मिठाची चव लागली. त्यांच्या नातवंडांना आज कोणी शहाण्याने ‘तुम्ही लोक मीठ फार खाता’ म्हणून सुनावले तर राग येतो आणि तो यायलाच हवा. पण राग आल्याने धमन्या मऊ होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, सगळ्या जेवणातले मिळून. आपल्याकडे साधारण त्याच्या दुपटीच्या जवळपास पोटात जाते. ठेचा, लोणचे, पापड, फरसाण, तळलेली मिरची, कुरकुरीत पाकिटे. भज्यांतला आणि पापडातला खायचा सोडा हाही सोडियमच, तो चवीला खारट लागत नाही एवढेच. सैंधव मीठ महाग आहे, पण तेही मीठच आहे. घाम गाळणाऱ्याला मीठ जास्त लागते, असे आपण म्हणतो. उन्हातल्या कामाला पाणी भरपूर लागते हे खरे, पण आपल्या रोजच्या जेवणात मीठ आधीच पुरून उरते.

मग फाट्यावरची खिचडी बंद करायची का? आमचे मत नाही. महिन्यातून दोनदा खाल्लेली खिचडी कोणाला मारत नाही. जो ड्रायव्हर रोज दोन्ही वेळा फाट्यावर जेवतो, त्याने मात्र पापड-मिरची बाजूला सारावी, वरून मीठ घेऊ नये. घरी बाईने एकदम अळणी केले तर कोणी जेवणार नाही, आणि बोल तिलाच बसतील. आठवड्या-आठवड्याला चिमूटभर कमी करत जावे, लिंबू, लसूण, कोथिंबीर, कढीपत्ता वाढवावा. महिनाभरात जीभ बदलते, आम्ही करून पाहिले आहे. अर्धापूरची केळी आपल्या दारात पिकतात. केळी, पालेभाजी, डाळी यांतले पोटॅशियम बीपी उतरवायला मदत करते. फक्त ज्यांची किडनी खराब आहे त्यांनी हे आणि बाजारातले ‘कमी सोडियमचे मीठ’ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये.

वजन जास्त असेल तर प्रत्येक उतरलेल्या किलोमागे वरचा आकडा साधारण एकने उतरतो. चालण्याचा सल्ला दुकानात बसणाऱ्यांना, शिक्षकांना, ड्रायव्हरांना लागू आहे. दिवसभर वाकून निंदणाऱ्या बाईला मॉर्निंग वॉक सांगणाऱ्याने एक दिवस तिच्यासोबत शेतात यावे. तंबाखू आणि मिश्री मात्र बायकांनाही लागू. मिश्री दाताला लावतात म्हणून ती औषध होत नाही, निकोटीन हिरडीतूनच रक्तात जाते. दारूबद्दल पाचवे शील सगळ्यांना पाठ आहे. दारूने बीपी वाढते हे एक, आणि प्यालेला माणूस त्या रात्री गोळी खात नाही हे दुसरे.

एवढे सगळे सांगूनही एक गोष्ट उरते. ती सांगितली नाही तर आम्ही दोष फक्त माणसांवर टाकल्यासारखे होईल. बीपी हा फक्त मीठ आणि आळसाचा आजार नाही. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहराच्या परिसरात कृष्णवर्णीय नागरिकांच्या हृदयाचा मोठा अभ्यास दीर्घकाळ चालू आहे. ज्यांनी आयुष्यात भेदभाव जास्त सोसला त्यांच्यात पुढे उच्च रक्तदाब होण्याचा धोका जास्त दिसला. आपल्याकडे ज्याला भाड्याने घर मिळत नाही, ऑफिसात आडनाव विचारले जाते, पोराच्या शिष्यवृत्तीसाठी पाच खेटे घालावे लागतात, त्याचे रक्त कशाने चढते हे कोणाला समजावून सांगायला नको. ध्यानाला बसल्याने मन शांत होते, आकडा थोडा उतरतोही, ते जरूर करावे. पण शांत बसण्याने घर मिळत नाही, आणि गोळीच्या जागी ध्यान चालत नाही.

देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरील पुरुषांत शंभरी सुमारे २४ आणि स्त्रियांत सुमारे २१ जणांचे बीपी वाढलेले किंवा औषधावर होते. म्हणजे विहारात वंदनेला पन्नास मोठी माणसे बसली तर त्यातली दहा-अकरा. सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. २०१७ साली केंद्र सरकार, आयसीएमआर आणि जागतिक आरोग्य संघटनेने मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू केला, त्यात महाराष्ट्रातले भंडारा, वर्धा, सातारा, सिंधुदुर्ग हे जिल्हे पहिल्यांदा घेतले. सूत्र साधे होते. औषधांचा एकच ठरलेला क्रम, महिन्याच्या गोळ्या एकदम, आणि जो आला नाही त्याला शोधून काढणे. हे सूत्र आपल्याकडच्या प्रत्येक उपकेंद्रात बारा महिने चालले पाहिजे. आमचा अनुभव असा, की कधी गोळ्या संपलेल्या असतात, कधी दहाच दिवसांच्या मिळतात. रोजंदारी बुडवून दहा दिवसांच्या गोळ्यांसाठी तीनदा कोण येईल? ऊसतोडीला किंवा पुण्या-हैदराबादला कामाला जाणाऱ्या माणसाला निघताना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या पाहिजेत, ही मागणी आम्ही ग्रामसभेत मांडणार आहोत. तुमच्या गावात तुम्हीही मांडा.

आणि यंत्र माणसांकडे गेले पाहिजे, माणसे यंत्राकडे नाही. लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीयांच्या ५२ केशकर्तनालयांत एक प्रयोग झाला, त्याचे निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाले. ३१९ पुरुष, सगळ्यांचे बीपी वाढलेले. काही दुकानांत औषधतज्ज्ञ स्वतः येऊन डॉक्टरांच्या संमतीने गोळ्या सुरू करत आणि वाढवत. सहा महिन्यांत तेथे वरचा आकडा सरासरी २७ ने उतरला. जेथे न्हाव्याने फक्त सल्ला देऊन डॉक्टरकडे जायला सांगितले, तेथे ९ ने. आम्हाला यातून दोन गोष्टी दिसतात. माणूस ज्याच्यावर विश्वास ठेवतो त्याच्या दुकानात बसून ऐकतो. आणि नुसता उपदेश फार पुरत नाही, गोळी तेथे पोचावी लागते. आपल्याकडे ती जागा विहार आहे. फाट्यावरचे सलून आहे, खिचडीचे हॉटेल आहे. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आणि आशाताईंना महिन्यातून एकदा विहारात बसायला बोलावणे अवघड नाही, आम्ही बोलावले तेव्हा त्या आल्या. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी केला तर दंडावर बांधायची चांगली दोन यंत्रे येतात. मनगटावरची स्वस्त यंत्रे घेऊ नयेत, त्यांचा आकडा हात जरा वर-खाली झाला तरी बदलतो.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर आमच्या विहारात यंत्र असेल. येताना गोळ्यांचे पाकीट आणि अंगदुखीची पुडी, दोन्ही आणा. त्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको. वही ठेवली आहे, त्यात तारीख, वेळ आणि दोन्ही आकडे लिहून देऊ. ती वही दवाखान्यात जाताना सोबत न्यावी. मावशींच्या लेकीने आपल्या गावच्या विहारासाठी अशीच वही मागितली आहे, ती आम्ही पुढच्या गाडीने पाठवत आहोत.